लाईट बदलले, पण विमा कंपनीला सांगितलं का?

नागपुरातल्या कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात गाडीचे लाईट बदलायला आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, "पोलीस पकडणार तर नाहीत ना?" उत्तरही ठरलेलं असतं. "काही नाही होत भाऊ, अख्खं नागपूर लावून राहिलं." दुकानदार खोटं बोलत नाही. चौकात कुणी थांबवून बॉनेट उघडायला लावेल, ही शक्यता खरंच कमी आहे. पण गिऱ्हाईक नको त्या माणसाला घाबरतंय. बॉनेट उघडतो तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. तो येतो तेव्हा गाडी एकतर ठोकलेली असते, नाहीतर जळालेली. तेव्हाचा हिशेब चालानच्या कितीतरी पट मोठा असतो.

एक कबूल करायला हवं, की लाईट बदलणारे सगळेच हौशी नसतात. समृद्धी महामार्गावर शिवमडक्याहून चढलं आणि शहराचे दिवे मागे पडले की पुढे नुसता काळोख. उमरेड रोडला, काटोल रोडला दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या निघतात. मागे रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, आणि ट्रॉली अर्ध्या रस्त्यावर. काळ्या डांबरावर बसलेली काळी म्हैस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जबलपूर रोडला धुकं. त्यात गाडीचं स्वस्तातलं मॉडेल घेतलेलं असलं, तर कंपनीचे पिवळट हॅलोजन पाहून माणूस वैतागतोच. ही गरज खरी आहे. जाळीमागे निळे-लाल लुकलुकणारे दिवे लावून फिरणाऱ्या पोट्ट्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याबद्दल पुढे दोन ओळी येतील, त्याहून जास्त जागा त्यांना देण्यासारखं काही नाही.

उजेड जास्त, तरी दिसतं कमी

कायद्याकडे जाण्याआधी लाईट चालतो कसा ते बघू, कारण नियमांचा सगळा रोख त्यावरच आहे.

साध्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक डिप्परची ५५ वॅटची आणि दुसरी अप्परची ६० वॅटची. डिप्परच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. तारेचा खाली जाणारा प्रकाश ती अडवते. ती नसती तर तो प्रकाश रिफ्लेक्टरच्या, म्हणजे लाईटमधल्या चकचकीत वाटीच्या, खालच्या भागावर आपटून वर, थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. भिंतीवर डिप्पर पाडून पाहिला तर वर एक स्पष्ट रेघ दिसते. रेघेखाली उजेड, रेघेवर अंधार. डावीकडे ही रेघ थोडी वर चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा माणूस, सायकल, पाटी लांबून दिसावी. उजवीकडे ती खाली राहते, कारण तिकडून समोरची गाडी येते.

हे सगळं गणित तारेच्या जागेवर बसवलेलं असतं, तेही मिलिमीटरच्या हिशेबात. त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब खोचला की प्रकाश निघण्याची जागाच बदलते. एलईडीच्या चिप एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात, आणि त्या पट्टीची जाडी आणि आकार तारेसारखा नसतो. मग नळीच्या तोंडावर बोट धरल्यावर पाणी जसं चहूकडे फवारतं तसा प्रकाश रेघेच्या वर, बाजूला, झाडांच्या शेंड्यांवर उडतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी किट (तारेऐवजी गॅसमधून प्रकाश देणारं) घातलं तर आणखी वाईट होतं. ते किट पेटताना क्षणभर वीसेक हजार व्होल्टचा दाब तयार करतं. रस्त्याच्या कडेला बसून टेप गुंडाळून जोडलेल्या वायरीतून हा दाब जातो, हे विसरू नये.

चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय झकास उजेड पडला! तो पडतो बोनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरवर. जवळचा रस्ता पांढराफटक झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. त्या वेळी दहा मीटरवरचा लख्ख रस्ता काही कामाचा नाही.

ऑनलाईन मागवलेल्या प्रोजेक्टरची, म्हणजे पुढे भिंग असलेल्या हेडलाईटची, आणखी एक गंमत आहे. चीन, अमेरिका आणि बहुतेक युरोपात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. तिथल्यासाठी बनलेल्या लाईटची रेघ उजवीकडे वर चढते. आपल्याकडे लावला की तोच चढलेला भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. स्क्रू फिरवून हे सुधारत नाही, कारण तो आकार आतल्या पत्र्यातच कापलेला असतो. घेतलेलाच असेल तर रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात-आठ मीटर लांबच्या भिंतीवर डिप्पर टाकून पाहा. रेघ दिसतच नसेल, किंवा उजवीकडे चढत असेल, तर बाकी तपासण्याची गरज उरत नाही.

कायदा वॅट मोजत नाही, डोळा मोजतो

'किती वॅटपर्यंत चालतं?' असं लोक विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो की रात्री समोर १५५ मीटरपर्यंतची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसतील असे दिवे लावलेले हवेत. म्हणजे अंधुक दिवा हाही गुन्हाच. लगेच पुढचा नियम १०६ उलट बाजू सांभाळतो. दिव्याचा झोत खाली असा वळलेला हवा, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचा डोळा असेल तर तो दिपता कामा नये. तो दीड मीटर कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. समोरून पायी येणाऱ्याचा, सायकलवाल्याचा, स्कूटीवर लेकराला घेऊन चाललेल्या बाईचा.

रंगांचं नियम १०८ मध्ये आहे. पुढे लाल दिवा चालत नाही, मागे लालखेरीज दिवा नको, इंडिकेटर-रिव्हर्ससारखे ठरलेले अपवाद सोडून. निळे-लाल-पांढरे झळकणारे दिवे पोलीस, अग्निशमन अशा ठरावीक गाड्यांसाठी राखलेले आहेत. १ मे २०१७ पासून तर मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. जाळीमागच्या लुकलुकीचा विषय इथेच संपला. नियम १११ स्पॉटलाईट आणि सर्चलाईटसाठी आहे. आरटीओच्या परवानगीशिवाय ते पुढे बसवता येत नाहीत. छतावरची किंवा बंपरवरची लांबलचक एलईडी पट्टी या नियमासमोर टिकवणं अवघड आहे. बिलावर 'ऑफ-रोड वापरासाठी' असं छापून विकणारा हे जाणतो. ती ओळ त्याला वाचवण्यासाठी छापलेली असते. तुमच्या ती काही उपयोगाची नाही.

फॉग लाईटला बंदी नाही. दोन असावेत, पांढरे किंवा पिवळे, डिप्परपेक्षा उंच बसवलेले नसावेत. बाजारात मिळणारं जे काही 'फॉग' म्हणून विकलं जातं त्यातलं बरंचसं मात्र फॉग नसून छोटे स्पॉटलाईटच असतात.

मग ती पाकिटावरची चिन्हं? 'सीई' हे चिन्ह रस्त्यावरच्या दिव्याची मंजुरी नाही. हेडलाईटची चाचणी होते ती विशिष्ट जातीच्या बल्बसह. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाईटमध्ये एलईडी घातला की त्या मंजुरीला अर्थ राहत नाही. 'जर्मनीत पास आहे' असंही ऐकवलं जातं. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बना परवानगी मिळाली हे खरं, पण ती मॉडेलवार, यादीत नाव असलेल्या गाड्यांपुरती. ती यादी नागपुरात लागू नाही.

आता सगळ्यांत आवडता युक्तिवाद. "आरसीवर लाईटचा उल्लेखच नाही, मग बदल कसला?" हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. शब्दशः वाचलं तर आरसीत असतो तो इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, बॉडीचा प्रकार. बल्ब कुठे आहे त्यात? म्हणून वर्षानुवर्षं ही पळवाट मानली गेली. दोन गोष्टींनी ती अरुंद केली. पहिली, ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणातला. निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. दुसरी जास्त नेमकी आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात कायद्याने किंवा नियमांनी परवानगी नसलेल्या पद्धतीने गाडीत बदल करणं, सुटे भाग बसवणंसुद्धा, शिक्षेला पात्र ठरवलं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि पाच हजार एका गाडीमागे नाहीत, एका बदलामागे आहेत. इथे आरसीचा प्रश्नच येत नाही. नियम १०६ मोडणारा बल्ब बसवला, एवढं पुरतं.

प्रत्यक्षात चौकातला हवालदार अनेकदा किरकोळ कलम लावून मोकळा होतो. कलम १७७ खाली पहिल्यांदा पाचशे रुपयांपर्यंत दंड होतो. म्हणूनच लोकांना वाटतं, हे पाचशे रुपयांचं प्रकरण आहे. पण गाडी रस्त्यावर इतरांना धोकादायक असेल किंवा नियमांत बसत नसेल, तर कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करण्याचा अधिकारही आरटीओकडे असतो. आणि पंधरा वर्षं झाली की गाडी पुनर्नोंदणीसाठी न्यावीच लागते, मग ती गिरीपेठला असो की एमएच-४० किंवा एमएच-४९ च्या आरटीओत. तिथे लाईट बघतात. त्या दिवसापुरते जुने बल्ब घालून जाणारे महाभाग आहेतच.

जाता जाता बुलबारचं. लाईट बसवायला पुढे लोखंडी गार्ड लावायची आपल्याकडे फार हौस. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं आणि कारवाई करायचं सांगितलं. म्हणजे लाईट टांगायला जे वापरतो तेच आधी बेकायदा.

क्लेमचं गणित

फुल इन्शुरन्स म्हणून आपण जी पॉलिसी घेतो तिच्यात खरं तर दोन वेगळे करार असतात. एक तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा. लाईट बदलल्याचा परिणाम दोन्हींवर सारखा होत नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी स्वतःची गाडी. समजा, कुणी १००/९० वॅटचे बल्ब घातले. मूळ वायरिंग, होल्डर, फ्यूज हे सगळं ६०/५५ साठी बनलेलं. ५५ वॅटला साडेचार-पाच अँपिअर लागतात, ९० ला साडेसात. उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दीडपट झाला की वायर सव्वादोनपट तापते. होल्डरचं प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग काळं, मग वितळतं. रिले (मोठा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारा भाग) लावलेला नसेल तर स्विचही जळतो. एलईडी करंट कमी घेतं, हे खरं. पण नव्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बल्बच उडाला, आणि डॅशबोर्डवर सूचना येते. ती घालवायला फिटर रेझिस्टर जोडतो, म्हणजे जादा करंट खाऊन कॉम्प्युटरला फसवणारा छोटा भाग. तो रेझिस्टर हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि बऱ्याचदा प्लास्टिकच्या बंपरला चिकटवलेला असतो.

आता आग लागली. प्रचलित पॉलिसीत आग, स्फोट, स्वतःहून पेट घेणं या गोष्टी कव्हर असतात. म्हणजे दावा मुळातच नाकारण्यासारखा नाही. पण त्याच पॉलिसीत वीज-यंत्रणेतला बिघाड हा अपवादांच्या यादीत आहे. म्हणून नुसती वायर जळली आणि आग भडकली नाही, तर ती दुरुस्ती तुमच्या खिशातून. आणि आग भडकली असेल, तर सर्व्हेअर पॉलिसीतली एक अट काढतो. विमाधारकाने गाडीचं नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी आणि गाडी चांगल्या स्थितीत ठेवावी, अशी ती अट. कापून टेप लावलेली वायर, फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतलेलं कनेक्शन यांचे फोटो फाइलमध्ये लागले, की 'मी काळजी घेतली होती' हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते.

लाईट बदलले म्हणून प्रत्येक दावा बुडतो का? नाही. दुकानदार आणि विमावाले दोघंही हे सांगत नाहीत. दुकानदाराला धोका नाकारायचा असतो, एजंटला विषय टाळायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बऱ्याच काळापासून अशी आहे की अट मोडली एवढ्यावर कंपनी सुटत नाही. ते उल्लंघन मूलभूत हवं आणि नुकसानीशी त्याचा संबंध हवा. बी. व्ही. नागराजू प्रकरणात १९९६ साली मालवाहू गाडीत माणसं बसवली होती, २०१६ च्या लखमीचंद प्रकरणात जास्त प्रवासी होते. दोन्हीकडे अपघाताचं कारण ते नव्हतं, म्हणून दावा पूर्ण नाकारणं चुकीचं ठरलं. चोरीच्या बाबतीत नितीन खंडेलवाल प्रकरणात, २००८ मध्ये, गाडी भाड्याने चालवल्याचा आरोप असूनही ती चोरीला गेली याच्याशी त्याचा काय संबंध, असाच सूर होता. तिथे ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम राहिला.

हे आपल्या विषयाला लावा. तुमच्या गाडीला एलईडी आहेत, आणि ती नागपूरच्या सदर भागात पार्क केलेली असताना मागून कुणी ठोकली. इथे लाईटचं कारण सांगून क्लेम नाकारला, तर कंपनीची बाजू लंगडी आहे. तीच गाडी रात्री काटोल रोडला समोरासमोर धडकली आणि समोरचा म्हणाला मला काही दिसलंच नाही, तर लाईट हाच वादाचा मुद्दा होतो. इंजिनच्या डाव्या कोपऱ्यातून, नेमकी हेडलाईटच्या होल्डरपाशी आग सुरू झाली असेल, तर कंपनीची बाजू पुष्कळ मजबूत होते.

आता अर्जाचं. पॉलिसी घेताना प्रस्ताव अर्जात विचारलेलं असतं, गाडीत मूळ स्वरूपापेक्षा काही बदल केला आहे का? ऑनलाईन नूतनीकरणात हा प्रश्न आधीच 'नाही'वर टिक केलेला सापडतो, आणि आपण ओटीपी टाकून पुढे जातो. कधी एजंटच भरतो. "मला काय माहीत, त्यानं भरलं" हे नंतर चालत नाही, कारण सही किंवा ओटीपी तुमचा असतो. करार माहितीच्या खरेपणावर उभा आहे. महत्त्वाची गोष्ट लपवली, हा कंपनीच्या हातातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात धारदार मुद्दा. त्याचा वापर अपघाताशी संबंध नसतानाही होऊ शकतो. बल्बपेक्षा त्या टिकची जास्त भीती बाळगावी, असं माझं मत आहे.

लावलेल्या लाईटच्या पैशांचं काय? पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्हीच्या (गाडीच्या विमा रकमेच्या) शेजारी दोन रकाने असतात, इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज आणि नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विजेच्या वस्तू पहिल्या रकान्यात दाखवून जादा प्रीमियम भरावा लागतो. जुन्या टॅरिफमध्ये हा दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के होता. विमाक्षेत्रात या कलमाला अजूनही आयएमटी-२४ म्हणतात. त्या रकान्यात शून्य असेल, तर अठरा हजारांचा प्रोजेक्टर फुटला तरी हिशेब होतो तो कंपनीच्या साध्या हेडलाईटचा. त्यातूनही प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर. शोरूममधून डिलिव्हरीच्या दिवशीच लाईट लावून दिले असतील, तर ते कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरी यादीतले आहेत का आणि पॉलिसीत आलेत का, दोन्ही बघा. शोरूमच्या मागच्या बाजूला बसणारा फिटर बाहेरचाच असू शकतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनीला कळवलं, प्रीमियम भरला, म्हणजे लाईट कायदेशीर झाले असं नाही. विमा कंपनी आरटीओ नव्हे. कळवल्याने लपवल्याचा आरोप जातो, वस्तूची किंमत कव्हर होते. नियम १०६ मोडणारा बल्ब मोडणाराच राहतो.

आता दुसरा करार, थर्ड पार्टी. कायद्यानं तो सक्तीचा केला, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी. तुमच्या गाडीने कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कंपनी कोणकोणती कारणं पुढे करून सुटू शकते याची यादीच कलम १५० मध्ये दिलेली आहे. परवाना नसलेला चालक, शर्यतीसाठी वापर, खासगी गाडी भाड्याने चालवणं वगैरे. त्या यादीत 'लाईट बदलले' असं कारण नाही. पण महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हे कारण आहे. पुन्हा तीच टिक! पीडिताला भरपाई बहुतेक वेळा मिळते, कारण न्यायालयं त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. कंपनीला आधी द्यायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देण्याचे आदेशही होतात. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई मृताच्या उत्पन्नावर आणि वयावर ठरते. मिळवत्या तरुणाचं प्रकरण असेल तर आकडा सहज काही लाखांच्या पुढे जातो. वसुली मग घर-शेतीपर्यंत पोहोचू शकते.

फौजदारी बाजू तर कुठल्याच पॉलिसीत नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यूला कारण झाल्यास, कलम १०६ खाली, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी ती दोन वर्षांपर्यंत होती. डोळे दिपवणारे बेकायदा लाईट हा हयगयीचा पुरावा म्हणून समोरचा वकील वापरेल, यात शंका नको.

दुचाकीवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. बुलेटला लावलेले जादा लाईट रात्रीतून चोरीला गेले, तर दुचाकीच्या प्रचलित पॉलिसीत नुसत्या ॲक्सेसरीची चोरी कव्हर नसते. गाडीही सोबत चोरीला जायला हवी.

मग दिसायचं कसं?

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट स्टेअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याजवळ असते. शून्य ते तीन असं लिहिलेलं एक छोटं चाक. मागे पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं आणि डिप्पर समोरच्याच्या तोंडावर. तेव्हा ते चाक वर चढवायचं, म्हणजे झोत खाली येतो. रिकामी गाडी असेल तर शून्यावर. दोनवर ठेवून वर्षभर फिरणारे आणि 'कंपनीचे लाईट भंगार' म्हणणारे मी पाहिले आहेत.

मग काच. नागपूरच्या उन्हात पाच-सहा वर्षांत हेडलाईटचं प्लास्टिक पिवळं, दुधी होतं. पॉलिश करून घ्या, नाहीतर मूळ कंपनीचा जोड बदला. हे बेकायदा नाही, आणि फरक बहुतेक लोकांच्या अपेक्षेपेक्षा मोठा पडतो. विंडस्क्रीन आतून पुसा, आतल्या बाजूला बसलेला धुराचा पातळ थर समोरचा लाईट पसरवतो. हॅलोजन बल्ब उडण्याआधी हळूहळू मंद होत जातो, म्हणून कळत नाही. नामांकित कंपनीचे त्याच जातीचे, त्याच वॅटचे बल्ब जोडीने बदला. बल्बच्या होल्डरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतं का, हे चांगल्या इलेक्ट्रिशियनला मोजायला सांगा. जुन्या गाड्यांत इथेच गळती असते, आणि अर्थिंग साफ केल्यावर तोच बल्ब उजळतो. नंतर अधिकृत गॅरेजमध्ये झोत सेट करून घ्या.

एवढं करूनही भागत नसेल तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने विकायला ठेवलेले फॉग लाईट घ्या, जीएसटी बिलासह, कंपनीच्या कपलरने, वायर न कापता. वरच्या व्हेरियंटचा एलईडी हेडलाईट खालच्या व्हेरियंटमध्ये बसतो असं फिटर सांगेल. बसतोही कधी कधी. पण तो त्या व्हेरियंटसाठी मंजूर आहे का, याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या, आणि विमा कंपनीला ईमेल करून ठेवा. वायर कापली की वीज-यंत्रणेची वॉरंटी गेली, हे वेगळंच.

आणि जे लागलेलेच आहेत? काढून मूळ बल्ब घाला. पॉलिसी चालू असताना बदल केला असेल आणि तो ठेवायचाच असेल, तर नूतनीकरणाची वाट न बघता आजच कळवा. कंपनी नाही म्हणाली तर तेही लेखी असू द्या.

क्लेम आधीच अडकला असेल, तर नाकारण्याचं कारण लेखी मागा. त्यात पॉलिसीची कुठली अट मोडली ते नेमकं लिहिलेलं हवं, 'गाडीत बदल आढळला' एवढं पुरत नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि तो वाचून बघा, नुकसानीचं कारण त्यात काय लिहिलंय. लाईट आणि नुकसान यांचा संबंध रिपोर्टमध्ये जोडलेला नसेल, तर वर सांगितलेल्या निकालांचा आधार तुम्हाला आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, त्यासाठी मुदत दोन वर्षांची. जळालेला होल्डर, वितळलेली वायर, जुने बल्ब यातलं काहीही तोवर भंगारात टाकू नका, आणि गॅरेजवाल्यालाही टाकू देऊ नका.